खेळतलंय कोणावांगडा?

आषाढात तारकर्लीच्या किनाऱ्यावर बाहेरचा माणूस फारसा दिसत नाही. होड्या माडांपर्यंत ओढून झापांनी झाकलेल्या असतात, मासेमारीला बंदी असते, पाण्यातले खेळ थांबलेले असतात आणि ‘निवास-न्याहारी’च्या पाट्यांवरून पाऊस नुसता निथळत राहतो. माझा शाळेपासूनचा एक मित्र तिथे पर्यटकांना खोल्या देतो; हंगामात त्याला धड जेवायला सवड नसते आणि पावसाळ्यात सगळी सवडच असते. गेल्या पावसाळ्यात एका ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये जुन्या ॲडव्हेंचर गेम्सचा, म्हणजे गोष्टीत शिरून कोडी सोडवत पुढे जायच्या संगणकावरच्या खेळांचा, एक गठ्ठा मला दिसला. शाळेत असताना ज्या खेळांपायी आम्ही घरच्यांची बोलणी खाल्ली, त्यांतले बहुतेक त्यात होते, आणि सगळ्यांची मिळून किंमत मालवणातल्या एका सुरमई थाळीहून कमी होती. मी मोठ्या उत्साहाने त्याला लिंक पाठवली. त्याच्याकडे चांगला संगणक आहे, त्या दिवसांत वेळ आहे, आणि एका थाळीचे पैसे ही काही त्याला विचार करावा लागेल अशी रक्कम नव्हे. संध्याकाळी त्याचा फोन आला. पावसाचे, पंचायतीचे, दोघांच्या घरच्यांचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, “पैशाचो प्रश्न नाय रे. पण घेतलंय तरी खेळतलंय कोणावांगडा?”

म्हणजे, घेतले तरी खेळणार कोणाबरोबर? हे खेळ तर एकट्याने खेळायचे असतात.

त्याचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना, कारण इतके स्वस्त असूनही हे गठ्ठे लोक का उचलत नाहीत याची जी उत्तरे मी स्वतःला देत आलो होतो, त्यांतले एकही त्याला लागू पडत नव्हते. लोकांना वेळ नाही म्हणावे, तर त्याच्यासमोर अख्खा आषाढ आणि श्रावण होता. आजच्या डोळ्यांना ती चित्रे ओबडधोबड वाटतात म्हणावे, तर त्याने ती वयाच्या ज्या टप्प्यावर पाहिली होती, त्या टप्प्यावर पाहिलेले काहीही ओबडधोबड वाटत नाही. जुने खेळ नव्या यंत्रांवर चालत नाहीत म्हणावे, तर स्कमव्हीएम आणि डॉसबॉक्स ही त्यासाठीचीच साधने वीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत आणि विकणारे अनेकदा ती खेळासोबतच बसवून देतात. मोबाइल घरोघरी आला आणि घरातला संगणक गेला, हे कारण आमच्या भागात खरे आहे, पण तेही त्याच्यापुरते खोटे होते. उरला तो एकच प्रश्न, आणि तो मला कधी सुचलाच नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सावंतवाडीत आमच्या ओळखीच्या एकाच घरात संगणक होता आणि ते घर या मित्राच्या आत्याचे होते. पावसाळ्यात तिथल्या दमट हवेत डब्यातले पोहेसुद्धा सादळत, मग सीडींची काय कथा. आत्याने सीडी कपाटात ठेवून आत दिवसभर साठ वॅटचा दिवा पेटता ठेवलेला असे. तरीही त्यांच्यावर बुरशीची पांढुरकी नक्षी उमटायची, आणि खेळायला बसण्याआधी ती जुन्या पंच्याच्या मऊ तुकड्याने मधून कडेकडे, मधून कडेकडे अशी हलक्या हाताने पुसावी लागे. गोल फिरवून पुसली की सीडीवर चरे पडत. या सीडी कुणीतरी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या, नावे मार्करने लिहिलेली. मूळ खोके, पुस्तिका, नकाशे यांतले आम्ही काहीच पाहिले नव्हते. त्यांतला ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा चाच्यांचा खेळ १९९० साली फ्लॉपीवर आला तेव्हा त्याच्या खोक्यात चाच्यांचे चेहरे जुळवायची पुठ्ठ्याची चकती होती आणि ती नसेल तर खेळात शिरताच येत नसे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्यापर्यंत आलेल्या प्रतीत तो अडसर नव्हताच.

आमच्या जागा ठरलेल्या होत्या. माउस मित्राच्या हाती, कारण घर त्याच्या आत्याचे. पाठकोऱ्या कागदांवर बेटांचे आणि वाड्यांचे नकाशे काढणे माझ्याकडे. आणि त्याची आतेबहीण मागे स्टुलावर, मांडीवर शब्दकोश आणि वही घेऊन. खेळ खऱ्या अर्थाने पुढे सरकत असे तो तिच्यामुळे. मंकी आयलंडमधली तलवारबाजी हाताने नव्हे, तोंडाने जिंकायची असते. समोरचा चाचा एक टोमणा मारतो; त्याला चपखल उत्तर दिले तर आपली सरशी, नाही तर पीछेहाट, पण तो टोमणा मात्र आपल्या संग्रही जमा होतो. असे हरत हरत टोमणे आणि त्यांची उत्तरे गोळा करायची. तिने वहीत डाव्या पानावर टोमणा आणि उजव्या पानावर उत्तर असे सगळे नीट लिहून ठेवले होते आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात मराठी अर्थ दिला होता. वही भरत आली तेव्हा आम्ही त्या बेटावरच्या तलवारबाजांच्या गुरू असलेल्या बाईसमोर जाऊन उभे राहिलो, आणि तिने मारलेला पहिलाच टोमणा वहीत नव्हता. दुसराही नव्हता. आम्ही हरलो, पुन्हा गेलो, पुन्हा हरलो, आणि मग वीज गेली.

पुढचा भाग मला आजही जसाच्या तसा आठवतो. पागोळ्यांचा आवाज, मेणबत्तीच्या उजेडात उघडी वही, मित्राचे ‘सीडीच खराब आसा’ हे पालुपद, आणि स्वयंपाकघरातून आत्याचा ‘आता तरी जेवा’ असा आवाज. बराच वेळ पाने मागेपुढे केल्यावर आतेबहीण म्हणाली की टोमणे नवे असले तरी उत्तरे जुनीच असणार, फक्त ती आता वेगळ्या टोमण्याला लागू होत असणार. मग तिने आम्हाला आठवत होते ते नवे टोमणे एकेक करून घेतले आणि उजव्या पानांवरची उत्तरे त्यांना लावून दाखवली. ती बसत गेली. वीज आली तेव्हा आमचा डाव जिंकून झालेला होता, यंत्र बंद असतानाच. पुढे माउस हाती धरून ते प्रत्यक्षात करायला कितीसा वेळ लागला असेल?

ॲडव्हेंचर गेम या प्रकाराचे मर्म मला त्या अंधारातल्या तासाभरात दिसते. उत्तरे ठाऊक असतील तर यांतला भलामोठा वाटणारा खेळही एका संध्याकाळी संपतो. बाकीचे सगळे दिवस आणि आठवडे अडकून राहण्यात गेलेले असतात. ते अडकणे संगणकाबाहेर घडते: शाळेच्या वाटेवर, एसटीच्या रांगेत, मोती तलावाच्या कठड्यावर शेंगदाणे खात. दोर आहे, कोंबडी आहे, पण ती एकमेकांशी जोडून करायचे काय, असला विषय घेऊन तिघे तिघे वाद घालत राहतात, आणि ज्याला उत्तर सुचते तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्यांच्या दारात उभा असतो. हे खेळ करणाऱ्यांनाही हे माहीत होते. इन्फोकॉम ही कंपनी अदृश्य शाईत छापलेल्या सूचनांची पुस्तके विकत असे, सोबतच्या खास पेनाने घासले की हवी तेवढीच ओळ उमटे. सिएरा या दुसऱ्या कंपनीची सूचनापुस्तके होती, अडलेल्यांनी फोन करावा अशी सोय होती. अडकण्यावर एक छोटासा बाजारच उभा होता.

ते अडकणे नेहमीच न्याय्य असे, असे मी म्हणणार नाही. सिएराच्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये बेकरीतून घेतलेला गोड पदार्थ भुकेपोटी खाऊन टाकला, तर पुढे बर्फाच्या डोंगरातल्या यतीला मारायला हाती काही राहत नाही, आणि खेळ तिथेच खुंटतो. चूक कुठे झाली हे खेळ सांगत नाही. मंकी आयलंडचा कर्ता रॉन गिल्बर्ट याने १९८९ मध्येच एक लेख लिहून अशा खेळांवर कडक टीका केली होती आणि खेळाडूला नकळत कोंडीत पकडू नये असा आग्रह धरला होता. त्याने स्वतः केलेले पुढचे खेळ त्या आग्रहाला धरून आहेत. म्हणून मी सरसकट ‘जुने ते सोने’ म्हणत नाही. चांगले अडकणे आणि छळणारे अडकणे यांत फरक आहे, आणि गठ्ठ्यात नेमकी दोन्ही एकत्र बांधलेली असतात.

गठ्ठ्याची दुसरी खोड त्याच्या क्रमात आहे. मालिका म्हटली की माणूस पहिल्या भागापासून सुरुवात करतो. किंग्ज क्वेस्टचा पहिला भाग १९८४ चा: सोळा रंग, आणि काय करायचे ते इंग्रजीत टंकून सांगायचे. त्यात एका बुटक्याचे नाव ओळखायचे असते, आणि ते नाव वर्णमाला उलटी करून एकेका अक्षराच्या जागी त्याचे उलटीकडचे अक्षर घालून लिहावे लागते. त्या काळी हातात पुस्तिका आणि पुढ्यात रिकामे महिने असलेल्या मुलांनाही ते जड गेले. आज स्वस्तात मिळाला म्हणून कुणी नवखा उत्साहाने पहिला भाग उघडतो, अर्ध्या तासात भिंतीवर आदळतो आणि पाठोपाठच्या सगळ्या भागांना नमस्कार करतो. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. या खेळांत माणूस पहिल्यांदा खरोखर अडतो तोही साधारण याच दोन तासांत, आणि त्यापुढची गोडी त्याला कळण्याआधीच परतीचे बटण समोर असते.

आता ज्यांना गोडी आधीच लागलेली आहे त्यांचे बघावे, तर त्यांनी हे खेळ केव्हाच घेतले आहेत. गॉग हे दुकान २००८ मध्ये जुन्या खेळांसाठीच सुरू झाले, आणि त्यानंतर नव्या चित्रांच्या, नव्या आवाजांच्या आवृत्त्या एकामागून एक आल्या. माझ्यासारख्याने एकच खेळ वेगवेगळ्या रूपांत घेऊन ठेवलेला असतो. नव्या गठ्ठ्यातले बहुतेक खेळ आधीच कपाटात आणि उरलेले आपल्याला नको असलेले. शिवाय आज ऐंशी टक्के उतरलेली किंमत पुढच्या सेलला पुन्हा उतरणार हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे घाई कुणालाच नसते.

पण हे सगळे हिशेबाचे मुद्दे झाले, आणि ते सगळे खरे असूनही मला पुरेसे वाटत नाहीत. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा सुंदर खेळ त्याच्या कर्त्यांनी २००३ पासून फुकट देऊन टाकला आहे. त्याहून स्वस्त काय असणार? तरीही माझ्या सांगण्यावरून तो उतरवून घेतलेल्यांपैकी कुणी शेवटपर्यंत गेल्याचे मला ठाऊक नाही. याच्या अगदी उलट टोकाला २०१२ सालची गोष्ट आहे. टिम शेफर आणि त्याच्या डबल फाइन या कंपनीने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर एक नवा ॲडव्हेंचर गेम करण्यासाठी लोकांकडे पैसे मागितले. खेळाला तेव्हा नाव नव्हते, गोष्ट नव्हती, चित्र नव्हते. सुमारे ८७ हजार लोकांनी मिळून ३३ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. याच शेफरचा ‘ग्रिम फँडँगो’ १९९८ मध्ये समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता आणि दुकानात मात्र अपेक्षेइतका चालला नव्हता. मग अस्तित्वातच नसलेल्या खेळाला इतके गिऱ्हाईक कुठून आले? मला वाटते, त्या हजारोंना एकत्र वाट पाहायला मिळणार होती. खेळ घडताना दाखवणारी चित्रफीत मालिका होती, चर्चा होती, आपल्यासारखे आणखी कोण कोण आहेत ते दिसत होते. गठ्ठा विकत घेणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. पैसे भरल्याची पावती येते आणि तो आपल्या खोलीत एकटाच असतो.

माझी भाची कुडाळला राहते. ती मोबाइलवर मैत्रिणींबरोबर लढाईचा खेळ खेळते आणि त्यातल्या पात्राच्या पोशाखासाठी खरे पैसे मोजते. एकेका पोशाखाला माझ्या त्या अख्ख्या गठ्ठ्याहून जास्त पैसे पडतात. मी तिला मंकी आयलंड दाखवला तेव्हा तिने तो आस्थेने पाहिला, हसलीही, आणि मग विचारले की अडल्यावर तू काय करतोस. विचार करतो, म्हटले. तिने लगेच फोनवर त्या खेळाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा व्हिडिओ काढून दाखवला; कुणीतरी सगळा खेळ खेळून ठेवला होता. क्रिकेटचा सामना पाहून खेळण्याची हौस वाढते. कोड्याचे उत्तर पाहिले की कोडे संपते. हा या खेळांचा जन्मजात कमकुवतपणा आहे आणि त्याला सवलतीचा इलाज नाही. भाचीला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. तिचे पैसे जातात ते चारचौघींत उठून दिसण्यासाठी, आणि त्या चारचौघी तिला रोज संध्याकाळी भेटतात. आम्हाला आत्याच्या घरी जे मिळत होते ते तिला तिच्या खेळात मिळते.

या सगळ्याचा विचार करताना मला सारखा सावंतवाडीचा राजवाडा आठवतो. तिथल्या दरबार दालनात कारागीर आजही गंजिफा रंगवत बसलेले असतात. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. लाखेची चमक इतकी की बोटाचा ठसा उमटेल या भीतीने आपण पत्ता कडेनेच धरतो. मासा काढताना कारागिराचा कुंचला श्वास रोखल्यासारखा चालतो, आणि एका छोट्याशा वर्तुळात खवले, डोळा, मुकुट सगळे बसते. पर्यटक हे संच घेतात, चांगली किंमत मोजून घेतात, आणि काचेच्या कपाटात ठेवतात. दिवसा रामापासून आणि रात्री कृष्णापासून डाव सुरू करायचा हा त्या खेळाचा रिवाज ठाऊक असलेली तीन माणसे मात्र आता एका ओसरीवर सहसा जमत नाहीत. उद्या गंजिफा अर्ध्या किमतीला विकला तर आणखी काही कपाटे सजतील, डाव पडणार नाही. आणि त्या गोल पत्त्यांचे निदान सौंदर्य हाती तरी राहते, माझ्या ॲडव्हेंचर गेम्सच्या गठ्ठ्याला तेवढाही आधार नाही. त्यांचे खोके गेले, नकाशे गेले, पुठ्ठ्याची चकती गेली. उरली ती यादीतली एक ओळ आणि तिच्यासमोर खोडलेली किंमत. ती खोडलेली किंमत मला दर वेळी बोचते. ज्या खेळांनी आम्हाला इंग्रजी शिकवले, नेटाने विचार करायला शिकवले, त्यांच्यासमोर ‘नव्वद टक्के सूट’ असे वाचले की त्यांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी असे वाटते.

नव्याने असे खेळ करणाऱ्यांनी यातून काही धडा घेतला आहे. २०२२ च्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये सूचनांचे पुस्तक खेळाच्या आतच आहे, ते एकदम उत्तर सांगत नाही, आधी नुसता इशारा देते, मग थोडे अधिक, आत्याच्या घरी स्टुलावर बसलेली आतेबहीण सांगायची तसे. सोपी कोडी हवी असतील त्यांच्यासाठी वेगळी पातळीही आहे. जुन्या खेळांच्या गठ्ठ्यांना ही सोबत क्वचितच मिळते. विकणाऱ्यांनी अर्धा डझन खेळ एकत्र बांधण्याऐवजी एकच निवडावा, तो का निवडला ते चार ओळींत सांगावे, टप्प्याटप्प्याने उलगडणाऱ्या सूचना सोबत द्याव्यात, आणि दोघातिघांनी मिळून खेळा असे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे. किंमत वाढवली तरी चालेल.

तोवर, कुणाला यात शिरायचे असेल तर माझी एक शिफारस आहे. ‘डे ऑफ द टेंटॅकल’ घ्या. मूळ खेळ १९९३ चा, नवी आवृत्ती २०१६ ची. तिच्यात मनात येईल तेव्हा जुनी चित्रे आणि नवी चित्रे यांत अदलाबदल करता येते. यात मरणही नाही आणि नकळत कोंडीत सापडणेही नाही. एकाच घरात तीन मुले तीन काळांत अडकलेली आहेत: एक आजच्या दिवसात, एक दोनशे वर्षे मागे, एक दोनशे वर्षे पुढे. वस्तू एकमेकांकडे पाठवता येतात, आणि मागच्या काळात केलेला बदल पुढच्या काळात दिसतो. म्हणून तिघांनी बसावे आणि एकेकाने एकेक काळ वाटून घ्यावा. आपल्या काळात काय काय पडले आहे याची यादी ज्याची त्याने ठेवावी, कारण एकाची अडचण सुटण्याची वस्तू बहुधा दुसऱ्याच्या यादीत असते. अडलात तर दोन दिवस व्हिडिओ पाहू नका, तिसऱ्या दिवशी खुशाल पाहा. हा खेळ गठ्ठ्याबाहेर सुटाही मिळतो, आणि सेल नसताना पूर्ण किंमत मोजावी लागली तरी ती मोजावी.